पन्नाशीतला पिनोकिओ: बेनिनीच्या पिक्चरचं नेमकं कुठे बिनसलं

२५ डिसेंबर २००२, ऐन ख्रिसमसला अमेरिकेत इटालियन नट-दिग्दर्शक रॉबर्टो बेनिनीचा 'पिनोकिओ' लागला आणि लागल्या लागल्या आडवा झाला. तिथे तो लावणाऱ्या मिरामॅक्स कंपनीने तो समीक्षकांना आधी दाखवलाच नव्हता, आणि कंपनी असं करते तेव्हा काय ते आपण समजून घ्यायचं असतं. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर त्याचा स्कोअर शून्य टक्के, म्हणजे तिथे धरलेल्या परीक्षणांपैकी एकही बरं नाही. बजेट साधारण साडेचार कोटी डॉलर, तोवरचा इटलीतला सगळ्यात महागडा पिक्चर म्हणून गाजावाजा झालेला, आणि अमेरिकेतली कमाई चाळीस लाख डॉलरच्याही आत. वर आणखी रॅझी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट कामाला थट्टेने देतात ते बक्षीस, सगळ्यात वाईट नट म्हणून थेट बेनिनीलाच. आणि हा तोच माणूस बरं का, जो मार्च १९९९ च्या ऑस्करला 'लाइफ इज ब्यूटिफुल'चं नाव पुकारल्यावर खुर्च्यांच्या पाठींवर चढून उभा राहिला होता आणि अख्खं सभागृह त्याच्यासाठी टाळ्या पिटत होतं.

चार वर्षांत असं काय झालं? कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं, इंग्लिश डबिंगने वाट लावली. ते खरंच आहे, डबिंग भयानक आहे, त्यावर येतोच पुढे. पण मूळ इटालियन आवृत्ती शांतपणे बघितली की लक्षात येतं की डबिंगच्या आधीच काम बिघडलेलं होतं, आणि तेही एकाच निर्णयामुळे: लाकडाचा बाहुला दाखवायचा म्हणजे पडद्यावर नक्की काय दाखवायचं, हा प्रश्न या पिक्चरने कधी स्वतःला विचारलाच नाही.

आधी गोष्ट बघू

आपल्यापैकी बहुतेकांना पिनोकिओ माहितीये तो डिस्नेचा, १९४० चा, गोबऱ्या गालांचा, खांद्यावर टोपीवाला नाकतोडा घेऊन फिरणारा. मूळ कार्टं वेगळंच आहे. कार्लो लोरेंझिनी नावाचा फ्लोरेन्सचा पत्रकार, आईच्या गावाचं नाव घेऊन 'कोल्लोदी' म्हणून लिहायचा, त्याने जुलै १८८१ पासून मुलांच्या एका साप्ताहिकात ही गोष्ट हप्त्याहप्त्याने छापायला घेतली. सुरुवातच टवाळकीची. एके काळी एक होता... राजा, असं माझे छोटे वाचक लगेच म्हणतील, चुकलात पोरांनो, एके काळी एक लाकडाचा ओंडका होता. आणि मग जे सुरू होतं त्यात हा बाहुला चौथ्याच प्रकरणात उपदेश करणाऱ्या नाकतोड्याला हातोडा फेकून ठार करतो. पंधराव्या प्रकरणात चोरांनी त्याला झाडाला फाशी दिलं आणि कोल्लोदीने तिथेच गोष्ट संपवून टाकली होती. खरंच, मूळ शेवट तोच, बाहुला लटकतोय, खेळ खल्लास. पण वाचकांना आणखी हवं होतं आणि संपादकही मागे लागले, म्हणून १८८२ मध्ये निळ्या केसांच्या मुलीने, हीच ती परी, त्याला झाडावरून उतरवून घेतलं आणि गोष्ट पुढे गेली ती जानेवारी १८८३ पर्यंत. त्याच वर्षी पुस्तक आलं.

आता यात लाकूड कसं वापरलंय ते बघा, कारण मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. पिनोकिओ शेगडीवर पाय ठेवून झोपतो, पाय जळून कोळसा होतात आणि साहेबांना पत्ताच नाही, ते घोरतायत. बाहुल्यांच्या खेळाचा मालक मांजियाफुओको मेंढी भाजायला सरपण कमी पडलं म्हणून याला चुलीत घालायला निघतो. चोर सुऱ्या खुपसतात तर सुऱ्यांचीच पाती मोडतात, लाकूड चांगलं टणक आहे म्हणून, आणि त्यामुळेच मग फाशी द्यायची वेळ येते. समुद्रात पडला तर तरंगतो. गाढव झाल्यावर त्याच्या कातड्याचा ढोल करायला म्हणून एकजण विकत घेतो, समुद्रात बुडवतो, मासे येऊन गाढवाचं मांस खाऊन टाकतात आणि आत पुन्हा लाकडी बाहुला शाबूत, तेव्हा तो विकत घेणारा म्हणतो की मग मी तुला वाळलेलं जळण म्हणून बाजारात विकतो, निदान माझे पैसे तरी निघतील! म्हणजे लाकूड ही नुसती सजावट नाहीये, पानापानावर त्याला काहीतरी काम आहे, कधी ते जीव वाचवतं कधी जिवावर आणतं. शेवटी तो हाडामांसाचा मुलगा होतो याला काही अर्थ येतो तो या सगळ्यामुळे.

बेनिनीने काय केलं

बेनिनीने पिनोकिओ स्वतः केला. त्याचा जन्म ऑक्टोबर १९५२ चा, इटलीत पिक्चर लागला ११ ऑक्टोबर २००२ ला, म्हणजे पन्नाशीला दोन-अडीच आठवडे कमी. बरं, केला तो कसा? ना चेहऱ्यावर लाकडाचा रंग, ना कोपरा-गुडघ्यांना सांधे, ना खोटं नाक. पांढरे फुलाफुलांचे कपडे, गळ्याला झालर, डोक्यावर उंच टोकदार टोपी, आणि त्यात विरळ होत चाललेल्या केसांचा, कपाळाला आठ्या असलेला एक प्रौढ गृहस्थ, जो दोन तास उड्या मारतो, किंचाळतो, पळतो, रडतो. जेपेत्तो, म्हणजे बाहुला घडवणारा म्हातारा, म्हणतो माझा बाहुला, परी म्हणते माझा बाहुला, गावकरी म्हणतात बाहुला, आणि आपण बघतोय तर बाहुला कुठेच नाही. आपण मनाशी म्हणतो ठीक आहे, धरून चालू. पण मग पाय जळण्याची, सरपण होण्याची भीती कुठून आणायची? समोर धडधाकट माणूस दिसतोय! आणि शेवटी तो 'खरा मुलगा' होतो तेव्हा काय बदलतं तर कपडे. तोच चेहरा, तोच आवाज, तेच वय, फक्त आता शाळेचा ड्रेस घातलाय. ज्या क्षणासाठी आख्खी गोष्ट चालली होती तो क्षण येतो आणि पडद्यावर काहीच घडत नाही.

बाजूची पात्रंही याच वाटेने गेलीयेत. कोल्हा आणि मांजर म्हणजे इटलीतली एक लोकप्रिय विनोदी जोडी, जवळपास माणसांच्याच रूपात. पुस्तकात माणसं, प्राणी आणि लाकूड असे तीन वेगवेगळे प्रकार एकाच रस्त्यावरून चालतात आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही, ही त्यातली गंमत. पिक्चरमध्ये सगळीच माणसं वेशभूषा करून आल्यासारखी, मग त्यात पिनोकिओ वेगळा कसा उठून दिसणार.

निळ्या परीचं तर आणखी अवघड. पुस्तकात ती आधी एक लहान मुलगी असते, बहिणीसारखी, नंतर मोठी होऊन आईसारखी येते, आणि बाहुला मात्र वाढत नाही, तो तेवढाच राहतो, ह्याचं त्याला वाईट वाटतं, तिथून त्याला माणूस व्हायची ओढ लागते. फार सुंदर जागा आहे ती. इथे परी आहे निकोलेता ब्रास्की, बेनिनीची प्रत्यक्षातली बायको, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळिशीतलीच बाई. ती त्याला औषध घे म्हणून रागावते, खोटं बोलू नकोस म्हणते, आणि आपल्याला दिसतं काय तर एक शांत बायको आणि एक अतिउत्साही नवरा. माफ करा, पण एकदा हे डोक्यात आलं की जात नाही.

आता बेनिनीची बाजूही सांगायला हवी, कारण तो काही मूर्ख नाहीये. तो टस्कनीचा, कोल्लोदीही टस्कनीचा. इटलीचा मोठा दिग्दर्शक फेडेरिको फेलिनी, त्याने आपला शेवटचा पिक्चर १९९० मध्ये बेनिनीला घेऊन केला आणि दोघांच्या गप्पांत पिनोकिओ करायचं ठरत होतं, फेलिनी आपल्याला लाडाने पिनोकिओच म्हणायचा असं बेनिनी सांगतो. फेलिनी १९९३ ला गेला. म्हणजे बेनिनीसाठी हा रोल जवळजवळ वारशाने आलेला होता, ऑस्करनंतर पैसा आणि वट दोन्ही हातात होतं, आणि अशा वेळी 'अरे पण तू पन्नास वर्षांचा आहेस' हे त्याला कोण सांगणार? दिग्दर्शक तो, लेखकांपैकी एक तो, निर्मिती त्याच्या आणि बायकोच्या कंपनीची, हिरो तो. मला विचाराल तर या प्रकरणातली खरी चूक अभिनयाची नाही, आजूबाजूला नाही म्हणणारा माणूस नसण्याची आहे.

त्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो की हे नाटकाच्या परंपरेतलं आहे, रंगमंचावर वय कोण बघतो. आपल्याला हे वेगळं सांगायलाच नको, बालगंधर्वांना साडीत बघायला लोक वयाचा हिशेब न करता जातच होते. पण त्याच बालगंधर्वांनी १९३७ मध्ये, म्हणजे बेनिनी होता जवळपास त्याच वयात, 'साध्वी मीराबाई' कॅमेऱ्यापुढे केला, आणि सिनेमात काही ते रमले नाहीत, रंगभूमीवरच परतले. स्टेजवर प्रेक्षक दहाव्या रांगेत बसून निम्मं चित्र स्वतः पूर्ण करतो, क्लोजअपमध्ये त्याला ते काम उरतच नाही, कॅमेरा सुरकुतीसकट सगळं आणून हातात ठेवतो. बेनिनी स्वतः स्टेजवरून आलेला, त्याला हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं, पण पिक्चर बघून तरी तसंच वाटतं.

आणखी एक. 'लाइफ इज ब्यूटिफुल'मध्येही तो असाच अखंड बडबडतो, धावतो, विदूषकी करतो, मग तिथे का चाललं? कारण तिथे तो बाप आहे आणि छळछावणीत पोराला भीती कळू नये म्हणून ती बडबड चाललीये, प्रत्येक विनोदाच्या मागे मरणाची टांगती तलवार आहे. इथे त्या बडबडीच्या मागे काहीच नाही. नुसती एनर्जी. पहिल्या वीस मिनिटांत मजा येते, मग थकायला होतं.

इटलीत मात्र

इटलीत पिक्चर पडला असं म्हणता येत नाही, हे लोक विसरतात. आठशेहून जास्त स्क्रीनवर लागला, पहिल्या वीकेंडला तुडुंब गर्दी, एकूण अडीच कोटी युरोच्या वर धंदा. खर्चाच्या मानाने तेही फार नाही, पण लोक गेले. गेले कारण त्यांना हे पुस्तक घरचं आहे, प्रसंग आधीच पाठ आहेत, आणि बेनिनी त्यांचा लाडका. समीक्षक तिथेही थंडच होते. पण इटलीने परभाषा विभागातल्या ऑस्करसाठी हाच पिक्चर पाठवला, अर्थात शेवटच्या पाचात आला नाही.

आणि जे चांगलं आहे ते चांगलंच आहे, ते का नाकारायचं. सेट आणि कपडे दानिलो दोनातीचे. हा फेलिनीचा जुना साथीदार, दोन ऑस्कर मिळवलेला, डिसेंबर २००१ मध्ये म्हणजे पिक्चर लागण्याआधीच वारला, आणि त्याच्या या कामाला नंतर इटलीचे दाविद दी दोनातेल्लो पुरस्कार मिळाले, सेटसाठीही आणि कपड्यांसाठीही. परीची गाडी पांढऱ्या उंदरांनी ओढलेली, ती नुसती बघत राहावी. निकोला पिओवानीचं संगीत गोड आहे. सुरुवातीला ओंडका गावभर गडगडत धिंगाणा घालत जेपेत्तोच्या दारात येऊन पडतो तो सीन तर मला मनापासून आवडतो, आणि जरा विचित्र वाटेल पण अख्ख्या पिक्चरमध्ये लाकडाला जीव आहे असं खरोखर वाटतं ते फक्त तिथे, बेनिनी पडद्यावर यायच्या आधी. लुचिन्योलो, म्हणजे तो वाया गेलेला मित्र, किम रॉसी स्टुअर्टने केलाय, त्याचं गाढव होऊन मरणं अंगावर येतं. शेवटी शाळेत जाणाऱ्या मुलाची सावली मात्र अजून टोपीवाल्या बाहुल्याची असते आणि ती शाळेत न जाता फुलपाखरामागे पळून जाते, ही कल्पना तर कोल्लोदीलाही आवडली असती असं मला वाटतं.

मग अमेरिका

अमेरिकेत अडचणी तिप्पट झाल्या. एकतर तिथल्या आईबापांच्या डोक्यात डिस्नेचा बाहुला, आणि बेनिनी गेलेला पुस्तकाच्या मागे, त्यात व्हेलच्या जागी शार्क आणि मरणारं गाढव. दुसरं म्हणजे सबटायटल वाचणार नाहीत म्हणून लहान मुलांसाठी डब करायचं ठरलं, हा विचार तसा चूक नाही, पाच वर्षांचं पोर सबटायटल कुठून वाचणार. पण बेनिनीला आवाज दिला ब्रेकिन मायर या तरुण अमेरिकन नटाने. झालं! इटालियनमध्ये निदान तोंड आणि आवाज एकाच माणसाचे होते, टस्कन ढबीचं ते भरभर बोलणं, श्वास लागणं, मध्येच चिरकणं, त्यात एक लय होती. इंग्लिशमध्ये पन्नाशीच्या तोंडातून कॉलेजातल्या पोराचा आवाज येतो, ओठ वेगळीकडे, शब्द वेगळीकडे. जी फट लोकांनी कशीबशी दुर्लक्षित केली असती ती त्यांनी फाडून मोठी केली. बाकी नावं मोठमोठी घेतली होती, परीला ग्लेन क्लोज, नाकतोड्याला जॉन क्लीज, जेपेत्तोला डेव्हिड सुशे, कबुतराला क्वीन लतीफा, पण आवाजांची यादी मोठी केली म्हणून ओठ थोडेच जुळतात.

आणि गंमत म्हणजे मिरामॅक्सला हे आधीच कळायला हवं होतं. 'लाइफ इज ब्यूटिफुल' अमेरिकेत सबटायटलवर पाच कोटी सत्तर लाख डॉलरच्या आसपास चालला, परभाषेतल्या पिक्चरसाठी तेव्हाचा विक्रम, आणि नंतर १९९९ मध्ये त्यांनी त्याची डब केलेली आवृत्ती काढली होती तिला कुणी फारसं विचारलं नव्हतं. म्हणजे बेनिनीचा आवाज काढून घेतला की बेनिनी उरत नाही हे स्वतःच्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेलं होतं.

दुसरं काही करता आलं असतं का

हो, आणि उदाहरणं इटलीतच होती. १९७२ मध्ये दिग्दर्शक लुइजी कोमेंचिनीने इटलीच्या सरकारी राय टीव्हीसाठी मालिका केली, जी इटलीतल्या एका पिढीला अजून तोंडपाठ आहे. त्याने काय केलं तर परी बाहुल्याला सुरुवातीलाच मुलगा करते, आंद्रेआ बालेस्त्री नावाचा खराखुरा लहान मुलगा, आणि वांडपणा केला की शिक्षा म्हणून तो परत लाकडाचा होतो. पुस्तकाच्या दृष्टीने ही चक्क मोडतोड आहे. पण त्यामुळे लाकूड आणि मांस यातला फरक दर थोड्या वेळाने डोळ्यांना दिसत राहतो, आणि पोराच्या चेहऱ्यावरची भीती खरी वाटते. बेनिनीने पुस्तकाशी जास्त प्रामाणिक राहून गोष्ट हरवली आणि कोमेंचिनीने पुस्तक वाकवून गोष्ट राखली, हे मला या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. जुन्या गोष्टींवरचे पिक्चर बघताना आपण पटकन म्हणतो की मूळ गोष्ट बदलली म्हणून बिघडलं, इथे उलट झालंय. प्रसंग जवळजवळ सगळे जागेवर आहेत, फक्त ज्या एका गोष्टीवर ते प्रसंग उभे होते ती काढून घेतलीये.

दुसरा मार्ग म्हणजे रोल बदलायचा, आणि तो तर पुढे प्रत्यक्षातच घडला. डिसेंबर २०१९ मध्ये मातेओ गारोनेने पिनोकिओ केला आणि त्यात जेपेत्तो कोण? बेनिनी. सदुसष्ट वर्षांचा, पांढरी दाढी, फाटका कोट. पिनोकिओ झालाय फेदेरिको इएलापी हा लहान मुलगा, आणि त्याच्या चेहऱ्यावर मार्क कूलियर या ब्रिटिश मेकअपवाल्याने लाकडाच्या रेषा, गाठी, चिरा अशा बसवल्यात की गालाला हात लावला तर खरखरीत लागेल असं वाटतं. मेकअपला आणि कपड्यांना ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. सुरुवातीलाच एक सीन आहे, उपाशी जेपेत्तो खानावळीत येतो आणि मालकाला पटवत बसतो की तुझं टेबल मोडकं आहे, दार निखळलंय, खुर्ची डुगडुगतेय, मी दुरुस्त करून देतो, का तर कामाच्या बदल्यात जेवण मिळावं. तीच बेनिनीची बडबड, पण मागे भूक आहे! लगेच चालते. २००२ चा पिक्चर बघून बेनिनीला अभिनय येत नाही असं ज्यांनी ठरवलंय त्यांनी एवढा एक सीन बघावा.

म्हणून कुणी घरच्या मुलांना २००२ चा दाखवणार असेल तर आधी भाषेचा ट्रॅक तपासून घ्या, इंग्लिश असेल तर सरळ बंद करा, इटालियन असेल तर शेजारी बसून संवाद मराठीत सांगत सांगत दाखवा, उंदरांची गाडी आणि गडगडणारा ओंडका मुलांना आवडतोच. गारोनेचा सहा-सात वर्षांच्या खालच्यांना नको, त्यातली फाशी आणि गाढव होण्याचे सीन चांगलेच भीतीदायक आहेत, आणि पिक्चर जरा संथ आहे. आणि 'हा आजोबा बाहुला कसा काय' असं मुलांनी २००२ चा बघताना विचारलं तर त्यांना गप्प करू नका, अमेरिकेतल्या समीक्षकांनीही साधारण तेवढंच विचारलं होतं.